साडूपेक्षा एक घोट पुढे

"येतो की! वाइनमधलं आम्हालाही थोडंफार कळतं," असं हेडक्लार्क फोनवर म्हणाले आणि तिथेच सगळं बिघडलं. नुसतं "येतो" म्हणून फोन ठेवला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण पलीकडे साडू होता. "द्राक्षमळ्यांची सहल आहे, मोजकीच माणसं आहेत. तुम्हाला त्यातलं काय कळणार म्हणा, तरी या," असं साडूने म्हटल्यावर गप्प बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय. (आणि जन्मलाच, तर त्याचं लग्न होणार नाही.)

वाइन द्राक्षांची करतात, एवढंच हेडक्लार्कना ठाऊक होतं. तेही साडू द्राक्षमळा म्हणाला म्हणून.

"अहो, काय कळतं तुम्हाला?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"थोडंफार."

"गेल्या खेपेला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी कॉफीच्या मशीनला रेडिओ समजून आवाज कमी करायला गेला होतात. ती अजून चारचौघांत सांगते." बायको हात पुसत बाहेर आली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "लग्न झाल्यापासून तिचा नवरा शहाणा आणि माझा आपला असाच. एकदा तरी, अहो, एकदा तरी तिच्यासमोर माझी मान वर राहू द्या."

हेडक्लार्कांच्या काळजात चर्र झालं. बायकोवर त्यांचा फार जीव. ऑफिसात साहेब वाट्टेल ते बोलले तरी ते टेबलावरची पिन हलू देत नसत, पण बायकोचा आवाज ओला झाला की ते विरघळलेच. आता मागे हटायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

त्याच संध्याकाळपासून तयारी सुरू झाली. मोबाइलवर एक दाढीवाला दाखवत होता, की ग्लास गोल फिरवा, नाक आत घाला, घोट तोंडात खेळवा आणि थुंका. हेडक्लार्क फ्रीजमधलं गार पाणी घेऊन बेसिनसमोर उभे राहायचे. ग्लास फिरवायला गेलं की पाणी बनियनवर. नाक घालायला गेलं की पाणी नाकात. थुंकणं मात्र झकास जमलं. आठवड्याभरात नेम असा बसला, की बेसिनच्या जाळीतलं हवं ते भोक सांगावं. फक्त गार पाण्याने एक केलं. सहलीच्या सकाळी नाक चोंदून गच्च झालं. गुलाबाचं फूल आणि ओला मोजा यांतला फरक सांगता येईना.

"शिंकू नका हं तिथे," गाडीत चढताना बायको कुजबुजली.

"छे छे," हेडक्लार्क म्हणाले आणि शिंकले.

छोट्या गाडीत हे चौघे, एक नवीन जोडपं आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. साडू वाटभर वाइन मुरवायच्या ओक लाकडाच्या पिंपांवर बोलत होता. मुख्याध्यापिकाबाई मान डोलावत होत्या, धाकटी नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती आणि हेडक्लार्कांची बायको खिडकीबाहेर.

तळघरात मिणमिणता उजेड होता. लाकडी पिंपांच्या रांगेपुढे लांब टेबल, त्यावर पांढरी चादर. माहिती सांगणाऱ्या बाईने प्रत्येकापुढे एकेक अर्धा भरलेला ग्लास ठेवला आणि ती बाटल्या आणायला वळली. साडूने घसा खाकरला. आता हा बोलणार! हेडक्लार्कनी झडप घालून ग्लास उचलला, झोकात फिरवला, नाक आत घातलं. काही नाही. घोट घेतला. जिभेलाही काही लागेना. मेल्या सर्दीने घात केला, असं त्यांनी मनाशी धरलं आणि नेम धरून टेबलावरच्या थुंकायच्या भांड्यात पिचकारी मारली.

"मातीचा वास," ते डोळे मिटून म्हणाले. "पावसाळी मातीचा. आणि मागून लाकूड."

बायकोने मान खिडकीकडून, म्हणजे खिडकी नव्हतीच, भिंतीकडून वळवली. साडूने घाईघाईने घोट घेतला. त्याच्या कपाळावर आठी पडली. पण हेडक्लार्कना जे कळलं ते आपल्याला कळू नये, हे त्याला कसं चालावं?

"माती आहेच हो. पण तुम्हाला जर्दाळू नाही लागला? आणि शेवटी मध. उतारावरची द्राक्षं असणार. चांगली दहा वर्षं मुरलेली."

"यांना बागसुद्धा कळते!" धाकटी म्हणाली.

बाटल्या घेऊन आलेली बाई जागच्या जागी थबकली. "सर, ते चूळ भरायचं पाणी आहे. वाइन अजून ओतलीच नाही."

हेडक्लार्कांच्या पायाखालची जमीन सरकली. संपलं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात बाई त्यांच्याकडे वळली. "पण तुम्ही कमाल केलीत हं! विहिरीचंच पाणी आहे, आणि आम्ही ते लाकडी पिंपात साठवतो."

"मग जर्दाळू कुठून आला?" मुख्याध्यापिकाबाईंनी साडूला, वर्गात विचारावं तसं, विचारलं.

परतीच्या वाटेवर साडू झोपेचं सोंग घेऊन बसला. धाकटी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली, ते घर येईपर्यंत सापडलं नाही. आणि हेडक्लार्कांची बायको! ताठ मानेने बसली होती, मधूनच गुणगुणत होती. उतरताना तिने सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात धरला. हेडक्लार्कना वाटलं, जिंकलो. आता मरण आलं तरी चालेल.

मरण आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या काकू, हातात पाण्याची बाटली.

"भाऊ, टाकी धुवायला झालीय का, जरा चाखून सांगता? वहिनी म्हणाल्या, तुम्हाला विहिरीचं पाणी पिंपासकट ओळखता येतं."

काकूंच्या मागे जिन्यात अख्खी बिल्डिंग उभी होती. प्रत्येकाच्या हातात तांब्या, नाहीतर बाटली. हेडक्लार्क आत पळाले.

"अगं, माझं नाक बंद आहे! मला काही म्हणता काही कळत नाही!"

"लाजतात हो," बायकोने दारातल्या मंडळींना हसत सांगितलं आणि बेसिनपाशी खुर्ची मांडली. नवऱ्याच्या गळ्यात टॉवेल अडकवताना तिचा चेहरा नुसता फुलला होता. "या, एकेक करून आत या. आणि काळजी करू नका, सगळ्यांचं होईपर्यंत मी यांना चहा देत नाही. तोंडाची चव बिघडते ना!"