उजवीकडून एक धडक

स्टिअरिंग गरागरा फिरत होतं, गाडी मात्र नाकासमोर चालली होती. ऑफिसची सहल, एकमेकींवर आदळायच्या त्या विजेच्या छोट्या गाड्या, आणि गणितीच्या वाट्याला नेमकी बिघडलेली यावी! गणिती हे नाव त्याला आराखडा विभागाने ठेवलेलं. चहात साखरही तो सूत्र मांडून घालतो, अशी ख्याती होती.

डावीकडे, अगदी त्याच्या काटकोनात, तपासणी विभागातली ती रबरी कठड्याला अडकून बसली होती. त्याच्या प्रत्येक आराखड्यावर लाल पेन्सिलीने गोल करणारी हीच. तिची बदली झाली होती नव्या कारखान्यात. खेळ संपल्याची घंटा वाजली की ती बॅग उचलून थेट स्टेशन गाठणार. जे विचारायचं ते वर्षभर मनातच राहिलेलं, आणि खेळ चालू असताना गाडीतून उतरायला सक्त मनाई!

तेवढ्यात उजवीकडून स्टोअरकीपर दोस्त येताना दिसला, आणि गणितीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अरे, मला धडक दे!"

"का? भांडण झालंय का आपलं?"

"मला डावीकडे जायचंय! संवेग बदलायचा तर बाहेरून आवेग लागतो!"

"माणसासारखं बोल की!"

"डावीकडे जायचं, म्हणजे धक्काही सरळ डावीकडे. माझ्या बरगडीत! मी थेट तिच्यापुढे!"

"असं होय! मग घे!"

दोस्ताने दातओठ खाऊन गाडी हाणली. धाड! गणिती आनंदाने ओरडला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. डावीकडचा वेग मिळाला खरा, पण पुढे जायचा आधीचा वेग गाडीने सोडलाच नव्हता. दोन्ही मिळून ती निघाली तिरकी. आणि त्या तिरक्या वाटेवर मोठे साहेब एका हाताने आइस्क्रीम खात निवांत गाडी हाकत चालले होते.

"साहेब, बाजूला व्हा!"

"काय म्हणालात?"

पुन्हा धाड! आइस्क्रीम साहेबांच्या चष्म्यावर गेलं. साहेबांची गाडी कठड्यावर आपटून उसळली ती थेट तिच्या गाडीवर, आणि तिची सुटलेली गाडी घरंगळत गणितीपाशी येऊन थांबली. घंटा वाजली.

"आधीचा वेग वजा करायला विसरलात," ती हसू दाबत म्हणाली. "तो मोडायला धक्का समोरून तिरका हवा होता. आणि जोरही जास्त."

"म्हणूनच विचारायचं होतं," गणिती एका दमात म्हणाला. "माझ्या चुका जन्मभर तुम्हीच काढाल का?"

ती कानापर्यंत लाल झाली. तोंड उघडणार तोच चष्मा पुसत साहेब गरजले, "तुमची बदली करतो! उद्याच्या उद्या!"

"कु... कुठे, साहेब?"

"जिथून तुमचं तोंड दिसणार नाही तिथे! नव्या कारखान्यात!"

गणितीला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. मोठ्या कष्टाने तोंड पाडून तो म्हणाला, "बरं, साहेब."

तिने बॅग खांद्याला लावली. "रीत साफ चुकली, उत्तर मात्र बरोबर आलं," ती हळूच म्हणाली. "अर्धेच गुण देते. बाकीचे तिकडे आलात की."