हरेश्वरभाऊंचं 'घरी जा' बटण

"घरी जा! अगं, जा ना घरी!"

गेलं वर्षभर हे मी रोज ऐकलंय. सकाळी चहा गाळताना, दुपारी जरा डोळा लागताना, आणि संध्याकाळी माझ्या शिकवणीची पोरं नेमकी समास सोडवायला बसलेली असताना. पोरांना काय, निमित्तच हवं असतं. खालून आवाज आला की ती दप्तरं भरायला लागायची. "बाई, काका जा म्हणतायत." मग मी खिडकीतून डोकं काढून विचारायची, भाऊ, कुणाला घालवताय एवढं? पत्र्याच्या शेडमधून भुशाने पांढरं झालेलं एक डोकं बाहेर यायचं, कपाळावर प्लास्टिकचा गॉगल, आणि अगदी काकुळतीने सांगायचं, "तुमाला नाय हो, मास्तरीनबाई. मशीनला."

तर हे आमचे घरमालक, हरेश्वरभाऊ. ते खाली, आम्ही वर. मूळचे अर्नाळ्याचे कोळी. वडिलांची होडी होती, पण भाऊंना होडीत पाय टाकला की उलट्या व्हायच्या. कोळ्याच्या पोराला समुद्र लागतो हे घराण्याला सांगायची सोय नव्हती, म्हणून ते टेलिफोन खात्यात चिकटले आणि आगाशीला घर बांधून राहिले. आयुष्यभर लोकांच्या तारा जोडल्या. निवृत्त झाल्यावर इतर माणसं देवळात जातात, नाहीतर सोसायटीच्या भानगडीत पडतात. भाऊंनी मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली, आणि एका व्हिडिओत त्यांना 'शिएनशी' दिसली.

सीएनसी म्हणजे काय, हे मला भाऊंनी इतक्या वेळा समजावलंय की आता मी झोपेतही सांगेन. एक लोखंडी चौकटीचं टेबल. त्याच्यावर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकणारी मोटर. मोटरीला गरगर फिरणारं पातं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, की पातं तेच चित्र खालच्या लाकडावर कोरून काढतं. व्हिडिओतल्या माणसाने गुलाबाचं फूल कोरलं होतं. भाऊंच्या मशीनने पहिल्या दिवशी टेबल कोरलं. लाकूड नाही, टेबल. दुसऱ्या दिवशी स्वतःचीच वायर कोरली.

सामान कुठून कुठून आणलं विचारू नका. कुठल्याशा व्यायामशाळेने टाकून दिलेल्या चालायच्या मशीनची मोटर, जुन्या कपाटाच्या ड्रॉवरचे रूळ, भंगारातलं लोखंड. आणि माझ्या शिलाई मशीनचा पट्टा. तो त्यांनी 'जरा बघायला' म्हणून नेला, आणि अजून बघतायत.

बटणं मात्र सगळी मराठीत. "आपल्या घरात वाढली, तिला आपलीच भाषा येनार," असं त्यांचं म्हणणं. कागदाच्या चिठ्ठ्या डिंकाने चिकटवलेल्या. 'चल'. 'थांब'. 'दम घे'. आणि सगळ्यांत मोठ्या लाल बटणावर, 'घरी जा'.

या बटणामागे एक मोठं तत्त्वज्ञान होतं. मशीन चालू झाली की ती कुठे उभी आहे हे तिचं तिलाच माहीत नसतं. म्हणून आधी तिला एका ठरलेल्या कोपऱ्यात पाठवायचं. तिथे एक बारीकसा स्विच असतो. मोटर त्याला टेकली की 'टक' आवाज होतो, आणि मशीनला कळतं, हे माझं घर, हा माझा झिरो. मग पुढचं सगळं माप तिथून. "झिरो गेला की सगळा गेला," हे भाऊंचं पालुपद. कालवणात मीठ जास्त झालं, झिरो गेला. पुढारी पक्ष बदलतो, झिरो गेला. आमचे हे चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधत होते, तेव्हा भाऊ जिन्यातून नुसते बघून म्हणाले, "साहेबांचा झिरो गेला वाटतं." मी तेव्हा पोट धरून हसले, हे लपवत नाही.

आता हा उद्योग सुरू कधी झाला, ते ऐका. भाऊंना एकच मुलगी, वीणा. ती शाळेत असतानाच तिची आई गेली. तेव्हापासून खाली बाप-लेक दोघंच. वीणाचं नाशिकला लग्न ठरलं, आणि त्याच आठवड्यात भाऊ अर्नाळ्याहून वडिलांच्या मोडीत निघालेल्या होडीची एक सागवानी फळी टेम्पोत घालून घेऊन आले. लग्नात नवरा-नवरीला बसायला दोन पाट लागतात, ते या फळीचे करायचे, आणि त्यांवर नावं नि नक्षी कोरायची, ती घरच्या मशीनवर. वीणा म्हणाली, पप्पा, बाजारात मिळतात पाट. भाऊ दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. फळी एकच होती. तिच्यातून जेमतेम दोन पाट निघणार होते. कोरताना चुकलं की संपलं, दुसरी होडी कुठून आणायची?

म्हणून मग सराव. सरावाला मिळेल ते लाकूड, आणि कोरायचा शब्द एकच. तोही त्यांच्या उच्चाराप्रमाणे, 'वीना'. कधी 'वी' या टोकाला आणि 'ना' त्या टोकाला. कधी 'वीवीना'. एकदा अख्खं नाव आरशातल्यासारखं उलटं. बिघडलेली प्रत्येक फळी घासूनपुसून, तेल लावून, कुणाच्या तरी घरी भाजी चिरायला जायची. आज आमच्या गल्लीत असं घर नाही जिथे वीणाच्या नावावर कांदा कापला जात नाही.

मी मराठीची शिक्षिका. मला ते 'ना' बघवेना. भाऊंना म्हटलं, वीणातला ण बाणातला आहे हो. तर त्यांनी दुसऱ्या दिवशी नळावर एक पाटी लावली, 'पानी जपून वापरा'. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "मास्तरीनबाई, आमच्या नळाला पानीच येतं. पाणी तुमच्या पुस्तकात." मी वीणाकडे तक्रार नेली. ती हसली आणि म्हणाली, राहू द्या बाई, मला हाक तशीच आहे. मग मी तो विषय सोडला.

आणि मग घडलं व्याह्यांचं प्रकरण.

नाशिकचे व्याही म्हणजे तोलूनमापून बोलणारे, इस्त्रीच्या सदऱ्यातले गृहस्थ. लग्नाचं बोलायला ते आणि विहीणबाई येणार होते, आणि ते जरा लवकरच आले. इकडे भाऊंची मशीन भुसा अडकून अर्ध्यात रुसून बसलेली. पाहुण्यांनी पेढ्यांचा पुडा सांभाळत फाटक उघडलं, पायरीवर चपला काढल्या, आणि शेडमधून आवाज आला, "आलीस परत इकडं? काय हाय गं तुझं इथं? जा, घरी जा!"

मी गॅलरीत केस पुसत उभी होते. विहीणबाईंचा चेहरा असा काही झाला की मला दरदरून घाम फुटला. व्याह्यांनी शांतपणे एक चप्पल पायात घातली. दुसरी घालत होते. मी तशीच ओल्या केसांनी जिना उतरले, पण माझ्या आधी वीणा पोचली, कणकेच्या हातांनी. तिने ना माफी मागितली, ना काही समजावलं. "बाबा, इकडे या ना जरा," म्हणून एका चपलेवरच व्याह्यांना शेडमध्ये नेलं, मशीनमधला भुसा फुंकून काढला आणि त्यांचं बोट लाल बटणावर ठेवलं. घुंऽऽ करत मोटर सरकत गेली. टक.

व्याह्यांनी ती चिठ्ठी वाचली. मग भाऊंकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "पुन्हा दाबू?"

त्या दिवशी पोहे विहीणबाईंनी एकटीनेच खाल्ले. दोघं व्याही संध्याकाळपर्यंत शेडमधून बाहेर आले नाहीत, आणि लग्नाचं सगळं बोलणं आम्ही बायकांनीच उरकून घेतलं.

ही गोष्ट अर्नाळ्याला पोचायला किती वेळ लागतोय! भाऊंची थोरली बहीण, अक्का, सुकटीची टोपली घेऊन दुसऱ्याच सकाळी हजर. तिने शेडच्या दारात उभं राहून भावाला धरला. "हऱ्या, पोरीचं लगीन हाय घरात, नि तू दिसभर जा जा करतंस? आपन बाजारातनं उठताना तरी जाते म्हनतो का? येते म्हनतो. मशीन झाली म्हनून काय झालं?"

भाऊ माझ्याशी वाद घालतात, वीणाशी घालतात, इंटरनेटवरच्या परदेशी माणसांशी घालतात. अक्कांशी घालत नाहीत. त्यांनी मुकाट्याने जुनी चिठ्ठी खरवडून काढली आणि नवी लावली, 'घरी ये'. तेव्हापासून शेडमधून "घरी ये गं, ये ये" असं ऐकू यायला लागलं, आणि माझ्या शिकवणीची हजेरी सुधारली.

हळदीच्या दिवशी नवऱ्याचा पाट तयार होता. नवरीचा मशीनवर होता. भाऊंनी इतके दिवस फळीला हात लावायचा धीरच केला नव्हता, म्हणून ही घाई. अंगणात मांडव, बायकांची गडबड, वाटीत भिजवलेली हळद. 'वी' झाला. 'ना' अर्धा झाला. तेवढ्यात गाणी लावणाऱ्याने आपला भलामोठा स्पीकर शेडच्याच तारेवर जोडला. फट्. वीज गेली. पातं जागच्या जागी थांबलं, आणि काय झालं बघायला आत घुसलेल्या कुणाचा तरी धक्का लागून मोटर हललीसुद्धा.

भाऊ उलट्या डब्यावर बसले. "झिरो गेला," म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही. "ती कुठं होती, ते आता तिला ठाऊक नाय. इथून पुढं कोरलं तर वाकडंच जानार. फळी गेली."

फ्यूज बसवला, दिवे आले, तरी ते उठेनात. बटणाकडे हातच जाईना त्यांचा. शेवटी गालाला हळद लागलेली वीणाच आत आली. "पप्पा, बोलवा ना तिला," म्हणाली. ते हलले नाहीत तेव्हा तिने स्वतःच पिवळं बोट लाल बटणावर ठेवलं. मोटर कुरकुरत, डुगडुगत कोपऱ्यात गेली. टक. मग भाऊ उठले, जिथे थांबली तिथून पुढे चल असं कॉम्प्युटरवर सांगितलं, आणि डोळे मिटून घेतले. मी उघडे ठेवले होते. पातं फिरत आलं आणि त्या अर्धवट 'ना'च्या खाचेत अलगद उतरलं. केसभरही इकडे-तिकडे नाही.

मग काय विचारता! अक्कांनी पदर खोचला. स्पीकर दुसऱ्या तारेवर गेला. भाऊ गॉगल लावून असे नाचले, असे नाचले, की होडीत उलट्या होणारा हाच का तो माणूस, असा प्रश्न पडला. पाटावर उडालेली हळद पुसता पुसता मग रात्र झाली.

पाठवणीच्या वेळी वीणा पाया पडली आणि म्हणाली, "येते, पप्पा." भाऊंनी कपाळावरचा गॉगल खाली ओढून डोळ्यांवर घेतला. नव्या धोतरावर तो गॉगल. भुसा जातो हो डोळ्यांत, असं मला सांगायला लागले. लग्नाच्या मांडवात कुठून आला भुसा?

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून आवाज आला. घुंऽऽ, टक. थोड्या वेळाने पुन्हा घुंऽऽ, टक. मी खाली गेले. टेबलावर लाकूड नव्हतं. भाऊ मोटर पार त्या टोकाला नेत होते आणि 'घरी ये' दाबत होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "तपासतोय. येते का नीट." मी शेजारी स्टूल ओढून बसले आणि दोन-चार वेळा बटण दाबून दिलं.

संध्याकाळी ते फाटकाशी खटपट करताना दिसले. उरलेला एक स्विच त्यांनी फाटकाला बसवला. फाटक उघडलं की शेडमध्ये बल्ब पेटणार. रविवारी वीणा मांडवपरतणीला यायची होती. तोवर बल्ब दूधवाल्यासाठी पेटला, मांजरासाठी पेटला, माझ्यासाठी तर कितीदा. प्रत्येक वेळी भाऊ धावत बाहेर यायचे आणि मग काहीतरी दुसरंच काम होतं असं दाखवायचे.

रविवारी सकाळपासून ते इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये बल्बाकडे तोंड करून बसले. मी सोबतीला. आणि वीणा आली कुठून, तर मागच्या केळीच्या वाडीतून. शाळेत असल्यापासून तिची वाट तीच, एसटी त्या बाजूला थांबते ना. जावई मागे पिशव्या सांभाळत येत होते. मी तोंड उघडणार, तर तिने ओठांवर बोट ठेवलं, अनवाणी आत आली आणि भाऊंच्या पाठीमागून लाल बटण दाबलं. घुंऽऽ. टक.

"मास्तरीनबाई, नका ना तिला हात लावू," भाऊ बल्बावरची नजर न काढता म्हणाले.

"मी नाही लावला," मी म्हटलं.

भाऊ वळले. मग त्यांचा हात कपाळावर गेला आणि गॉगल चाचपायला लागला. त्या दिवशी तो तिथे नव्हता.