पोटदुखी आणि परिषदेची शाखा

टेंभुर्णीत परिषदेची शाखा काढायची, असं मी जाफराबादच्या बाजारात एका माणसाला सांगून बसलो आणि तिथून सगळं सुरू झालं. तो माणूस परिषदेचा, म्हणजे रयतेच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेचा कार्यकर्ता होता. अंगात खादी, आणि गावोगाव फिरून पायांना भेगा पडलेल्या. त्यानं विचारलं, "तुमच्या गावात पुढाकार कोण घेईल?" मी म्हणालो, "मीच घेतो की!" (बाजारात माणूस काहीही घेतो. बायकोनं, उमानं सांगितलेलं जिरं तेवढं विसरलो.)

निजामाचं राज्य होतं. मी एका आडत दुकानात मुनीम होतो. गावात शाखा हवी होती हे मात्र खरं. साहेब लोक दौऱ्यावर आले की गावातल्या पुंजारामची बैलगाडी ऐन पेरणीत वेठीला जायची आणि बायकांना त्यांच्या मुक्कामाचं पीठ दळून द्यावं लागायचं. एकट्यानं तोंड उघडलं तर मार बसे. दहाजणांनी मिळून उघडलं तर काय होतं, ते अजून कुणी पाहिलं नव्हतं.

अडचण सभेची होती. परवानगीशिवाय माणसं जमवली की पोलिसांचा जमादार हजर. मग मीच युक्ती काढली. आजारी माणसाला भेटायला जायला परवानगी लागत नाही. मी आजारी पडायचं, माणसांनी समाचाराला यायचं, आणि माझ्या अंथरुणाभोवती सभा भरवून मला प्रेसिडेंट करायचं. (शेवटचा भाग मी उघड बोललो नव्हतो. तो लोकांना आपोआप सुचेल असा माझा अंदाज होता.)

माझा दोस्त कडूबा म्हणाला, "वहिनीला सांगितलं का?"

"बायकांच्या पोटात काही राहतं का?" मी म्हणालो.

ठरल्या दिवशी सकाळी मी पोट धरून कण्हायला लागलो. उमाचा चेहरा पांढरा पडला. तिचा धाकटा भाऊ पोटदुखीनंच गेला होता, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं. तिनं घाईघाईनं सोनामुखीचा काढा उकळला आणि डोळे पुसत मला पाजला. तिला तसं बघून मला सांगून टाकावंसं वाटलं. पण काढा इतका कडू होता की तोंडच उघडेना. मग ती शेजारच्या सगुणाबाईकडे रडत गेली. सगुणाबाईला कळलं म्हणजे गावाला कळलं.

दुपारी घर भरलं. ओसरीत कडूबा, पुंजाराम आणि इतर मंडळी, स्वयंपाकघरात बायका. काहीजणी रडायच्या तयारीनंच आल्या होत्या. एका म्हातारीनं माझ्या कपाळाला हात लावला आणि "चांगला माणूस व्हता बिचारा" असं म्हणून टाकलं.

मी डोळ्यांनी खूण केली आणि कडूबा उभा राहिला. कडूबाचा आवाज शेतातली पाखरं हाकण्यासाठी घडलेला. त्याला हळू बोलता येत नाही, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

"आता बास झालं!" तो गरजला. "रयतेनं आता गप बसायचं न्हाई!"

तेवढ्यात दारात जमादार.

"काय चालू हाय? कोण गप बसत न्हाई?"

ओसरी थिजली. कडूबाचा हात वर तसाच राहिला. पुंजाराम दाराकडे बघायला लागला, पण दारात जमादारच होता. मी डोळे मिटले. माझ्यामुळे ही सगळी माणसं आता चावडीवर जाणार, आणि तिथं त्यांचं काय होईल, या विचारानं माझ्या पोटात खरोखरच कळ आली.

"रायतं, जमादारसाहेब, रायतं!"

उमाचा आवाज. ती पदर सावरत स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. "ह्यांनी रात्रीचं शिळं रायतं खाल्लं. कडूबाभाऊ तेच सांगून राह्यले, रायत्यानं पोट गप बसायचं न्हाई म्हणून."

"हां, बराबर!" कडूबा म्हणाला. "रायतं लई वाईट!"

"लई वाईट," पुंजाराम म्हणाला. सगळ्या ओसरीनं रायत्याला नावं ठेवली.

मी एक डोळा उघडून उमाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. सकाळचे आसू पार आटले होते. स्वयंपाकघराच्या भिंतीआडून तिला सगळं ऐकू गेलं होतं आणि सगळं कळलं होतं.

जमादार माणूस वाईट नव्हता. तो माझ्याजवळ बसला. "मुनीमजी, बिलकुल पिवळे पडले तुम्ही. बाई, पोट साफ करायला पायजे. घरात एरंडेल हाय का?"

"हाय की!" उमा म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद मी लग्नानंतर ऐकला नव्हता.

"अगं, सकाळी काढा झालाय..." मी क्षीणपणे म्हणालो.

"पोट दुखतंय ना तुमचं? मंग प्या."

न प्यावं तर जमादार समोर. प्यालो. वाटी मोठी होती, आमटीची. वर तिनं बोटानं निपटून तळाचंही पाजलं.

जमादार काही उठेना. गुण येतो का ते बघूनच जाईन म्हणाला. उमानं त्याला चहा दिला. तो त्याच्या मूळव्याधीबद्दल बोलत राहिला, म्हशीबद्दल बोलला, पुन्हा चहा घेतला. मंडळी माना हलवत बसली. जमादार हलल्याशिवाय शाखा निघत नव्हती, आणि जमादाराला हलवण्याचा उपाय एकट्या माझ्या पोटात होता.

अखेर तो उपाय लागू पडला. सकाळचा काढा आणि दुपारचं एरंडेल यांनी एकाच वेळी उठाव केला. मी ताडकन उठलो, तांब्या उचलला, जमादाराच्या पायावरून उडी मारली आणि धोतर सावरत माणसांतून वाट काढत परसाकडे धावत सुटलो. मागून जमादाराचा समाधानी आवाज आला, "देखो! जल्दी गुण आला. आता मी जातो."

एकदा जाऊन भागलं नाही. वेशीपर्यंत परत यायचो आणि तिथूनच माघारी वळायचो. अखेर भिंतीला धरत घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि ओसरीत सगळे हसत होते.

"मुनीमजी, शाखा झाली!" कडूबा ओरडला. "वेठ बंद करा म्हणून समद्यांनी मिळून तहसिलीत जायचं ठरलं. बायासुदिक येणार हायेत!"

मला खरंच भरून आलं. डोळे पुसत मी विचारलं, "अन् प्रेसिडेंट?"

"वहिनी."

"कोण वहिनी?"

"आपल्या उमावहिनी. सगुणाबाईनं नाव काढलं. जमादारापुढं एवढं डोकं दुसऱ्या कुणाचं चाललं?"

उमा खांबाला टेकून सुपारी कातरत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"आणि सेक्रेटरी?"

"पुंजाराम."

पुंजाराम लाजला.

"अन् मी?"

कडूबा खाकरला. "तुमचं बी नाव निघाल्तं. पण म्हणलं, आजारी माणसावर भार कशाला?"

"अरे, पण मी आजारी नाही! मी कधीच आजारी नव्हतो!" मी ओरडलो. आणि तेवढ्यात माझ्या पोटातून असा आवाज आला की पुढची रांग मागे सरकली. तांब्या उमानंच पुढे केला.

परत आलो तेव्हा मंडळी उठून चालली होती. जाता जाता कडूबानं शाखेचा पहिला ठराव सांगितला. सभा यापुढेही आमच्याच घरी भरणार होती आणि आजारी पडण्याचं काम एकमतानं माझ्याकडे दिलं होतं. पुढच्या खेपेला आजार कोणता आणि औषध कोणतं, ते अध्यक्षबाई ठरवणार होत्या.