एका दिवशी एकच चूक

अहिरे काका आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा आमच्याकडे बघण्याआधी त्यांनी स्विचबोर्डाकडे बघितलं. खिशातला टेस्टर काढत विचारलं, "अर्थिंग शे का?" एरवी शुद्ध बोलणारा हा माणूस बोर्ड दिसला की थेट गावच्या अहिराणीत, सटाण्याला पोचतो.

काका आमच्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावर एकटे राहतात. आयुष्यभर कारकुनी केली. वायरिंग हा नुसता छंद. लोक देवदर्शनाला जातात, काका आमच्या शहरातल्या द्वारका चौकाच्या दुकानांत वायर बघायला जातात. आमच्या घराची तपासणी करून त्यांनी आम्हाला जवळजवळ गुन्हेगारच ठरवलं. गिझर दिव्याच्या बारीक वायरवर, एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन, बाथरूमचा स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे दिवा बंद केला तरी होल्डरमध्ये करंट आहेच. "जिवंत कसे राहिलात?" असं त्यांनी अगदी कुतूहलानं विचारलं.

दुरुस्ती मात्र त्यांच्या नियमानं. एका दिवशी एकच चूक. घाईत म्हणे नवी होते. रोज चहाच्या वेळी यायचे, मेन बंद करायचे आणि आम्हाला उकाड्यात बसवायचे. बायकोची मालिका बुडायची, ती धुसफुसायची. काम जरासं, गप्पाच जास्त. फ्यूज उडाला की काकू कशा ओरडायच्या, हे तर दोनदा सांगून झालं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती.

शेवटची चूक दुरुस्त झाली तेव्हा त्यांनी सगळे बोर्ड पुन्हा तपासले. एखादी तरी सापडावी, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग "झालं तुमचं घर," म्हणाले आणि सावकाश जिना उतरले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. कामाशिवाय कुणाच्या दारात जायचं कसं, हा त्यांचा संकोच. चहाच्या वेळी मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

शेवटी बायकोनंच फ्रिजमागच्या सॉकेटच्या पट्टीचा स्क्रू ढिला केला आणि मला खाली पिटाळलं. काका चप्पल न घालताच आले. मेन बंद करून स्क्रू आवळला, पण पाठमोरेच राहिले.

"ताई, हा आपोआप ढिला नाही झाला," ते म्हणाले. "विजेशी असा खेळ नका करू. नुसतं चहाला या म्हणाला असतात, तरी आलो असतो."

"मग रोजच या," बायको म्हणाली.

काका वळले. डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"उद्या किती वाजता?"