सिसिफसचा धोंडा आणि अर्जुनरावांचा वाढदिवस

“आज तोंड उघडू नका,” चहाचा कप हातात देतानाच मोहिनीनं नवऱ्याला बजावलं. “हार घाला, पाया पडा आन् खाली उतरा. साहेब तुमाला कायम करणार हायत. मधी तुमची कविता नको.”

रामेश्वर सरांनी मान डोलावली. नांदूरघाटला अर्जुनरावांच्या ज्युनिअर कॉलेजात ते मराठी शिकवत, तेही तासिकेवर. तास झाला तर पैसे, सुट्टीत ठणठणाट. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं नोकरीला लागली, लग्नं करून लेकुरवाळी झाली. सर आपले तासिकेवरच. आज अर्जुनराव वाढदिवसाच्या स्टेजवरून त्यांना कायम केल्याचं जाहीर करणार, ही बातमी पक्की होती.

पण स्टेजवर तोंड बंद ठेवणं आपल्या हातात असतं थोडंच! प्रमुख पाहुणे केजलाच अडकले. सूत्रसंचालन करणारा अर्जुनरावांचा पुतण्या पप्पू बोलून बोलून थकला आणि त्यानं माईक सरळ सरांच्या हातात कोंबला.

“सर, पाहुणे येईस्तोवर एक कविता हाणा.”

सरांनी घाईघाईनं मोबाइल चाळला. त्यातल्या बहुतेक कविता मोहिनीवर होत्या आणि चारचौघांत वाचण्यासारख्या नव्हत्या. उरली ती एकच. सरांनी घसा साफ केला.

“धोंडा नेला डोंगरमाथी, घरंगळे तो फिरुनी खाली;
पायथ्याशी हसला धोंडा, ‘ये रे राजा, पाळी आली!’”

मांडवातल्या सगळ्या माना अर्जुनरावांकडं वळल्या. अर्जुनराव जिल्हा परिषदेला दर वेळी उभे राहत आणि दर वेळी पडत. आणि वाढदिवसाच्या स्टेजवर वाचलेली कविता वाढदिवस असलेल्या माणसावरच असते, यात या भागात कुणालाही शंका नसते. अर्जुनरावांनी दुसरा माईक ओढला.

“सर, ह्यो धोंड्यावाला कोण?”

“सिसिफस, साहेब. ग्रीक पुराणातला राजा.”

“राजा हाय ना? मंग सोता कावून ढकलतोय? माणसं न्हवती का त्याच्याकडं?”

“देवांनी शिक्षा दिली होती, साहेब. त्यानं देवांना फसवलं होतं.”

हे बोलल्यावर सरांना आठवलं, की अर्जुनराव देवस्थान समितीचेही अध्यक्ष आहेत. मांडवात मागं कुणीतरी मुद्दाम खोकलं.

“रूपक आहे साहेब ते!” सर घाईनं म्हणाले. “रूपकात एक गोष्ट म्हणजे दुसरीच, असं मानायचं असतं.”

“म्हंजे सिसिफस म्हंजे काका,” पप्पूनं फोड करून सांगितली.

“नाही रे पप्पू!” सर म्हणाले. “सिसिफस म्हणजे जगातली सगळी माणसं.”

“मंग आज सगळ्या माणसांचा वाढदिवस हाय व्हय?” अर्जुनरावांचा आवाज चढला.

इथं तरी सरांनी गप्प बसावं की नाही? पण शिकवणाऱ्याची खोड जात नाही. एक अलंकार अंगाशी आला, की माणूस दुसऱ्याच्या आडोशाला जातो.

“यात चेतनगुणोक्तीसुद्धा आहे, साहेब. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. धोंडा हसतो, बघा.”

“कावून हसतोय? कोण हाय त्यो धोंडा?”

तेवढ्यात पहिल्या रांगेतले आसाराम फस्सकन हसले. अर्जुनरावांना दर निवडणुकीत पाडणारे ते हेच, आणि दर वाढदिवसाला रिवाज म्हणून शाल घेऊन येणारेही हेच. बिचारे मघापासून तोंडाला रुमाल लावून बसले होते.

अर्जुनरावांनी आसारामांकडं पाहिलं, मग सरांकडं. त्यांचा चेहरा खुलला.

“आस्सं! धोंडा ह्यो हाय व्हय!”

मांडव कोसळायचाच बाकी राहिला. “धोंडा! धोंडा!” पोरं ओरडायला लागली. आसाराम शाल खुर्चीवर आपटून निघून गेले आणि पप्पूनं फटाक्यांची माळ लावली. सरांनी कवितेत आसाराम घातला नव्हता, शपथेवर. पण एवढं फायद्याचं रसग्रहण खोडून काढण्याइतके ते वेडे नव्हते.

अर्जुनरावांनी त्यांना मिठी मारली आणि खिशातून ऑर्डर काढली. “तुमची हाय, सर. सही करूनच आनलीय.” सरांनी हात पुढं केला. अर्जुनरावांनी क्षणभर विचार केला आणि कागद पुन्हा खिशात घातला.

“पर आता देत न्हाई. कायम मास्तरला प्रचार करता येत न्हाई, तक्रारी व्हतात. तासिकेवाल्याला कोण इचारतंय? दिंद्रुडपस्तोर गावोगाव ही कविता म्हना. मी निवडून आलो की दुसऱ्या दिवशी तुमी कायम!”

टाळ्या पडत असतानाच मोहिनीचा फोन आला.

“झालं का काम?”

“झालतं,” सर म्हणाले. “आता साहेब निवडून आले की.”

“म्हंजे तोंड उघडलंच तुमी!” म्हणत मोहिनीनं फोन ठेवला.