तीन-चार-पाच आणि लिंबू

फरशीची ओळ कशी धरायची हे मुखरू मिस्त्रीनं मला शिकवायचं? राजुऱ्याच्या शाळेत गणित शिकवतो मी! वर गावोगाव भानामतीविरुद्ध भाषणं ठोकतो! परवा बहिणीला, रिनाला बघायला पाहुणे येणार होते आणि बैठकीत नुसता चोपलेला मुरूम. मुखरूनं स्वयंपाकघरातल्या फरश्या तिरप्या बसवल्या होत्या. म्हणून म्हटलं, या वेळी कोपरा मीच आखून देतो!

सोपं गणित आहे हो. कोपऱ्यातल्या खिळ्यापासून एका दोऱ्यावर तीन फूट, दुसऱ्यावर चार. दोन्ही टोकांमधलं अंतर पाच फूट भरलं की झाला काटकोन! दोरी नव्हती, म्हणून बायकोच्या शिलाईच्या डब्यातला काळा दोरा ताणला. खडू नव्हता, म्हणून हळदीच्या खुणा केल्या. गुडघ्यांवर बसून पुटपुटू लागलो, "तीन... चार... पाच... भर ना रे!" दोन इंच कमी! आता टोकाचा खिळा सरकवणार, तेवढ्यात शेजारचे गुणवंतराव दारात.

काळा दोरा, खिळे, हळद पाहून रिटायर्ड हेडक्लार्क पांढरेफटक पडले.

"मास्तर, कोनावर करून राह्यले हे?"

"कोपऱ्यावर!"

ते पळाले. घटकाभरात अख्खी गल्ली दारात! मुखरू सिमेंटचं पोतं घेऊन बाहेरच थांबला.

"गुरुजी, मी आत येत नाई. मले लेकरंबाळं आहेत!"

"अरे, हा पायथागोरस आहे!"

"कोनीबी असो. पह्यले त्याले बाहीर काढा!"

मी सिद्धता मांडायला घेतली. प्रत्येक पायरीला गल्ली एकेक पाऊल मागे सरकली. रिना रडकुंडीला आली, "दादा, पाहुने काय मुरमात बसतीन?"

"उतरवा न एक लिंबू!" बायको हर्षा दात खाऊन म्हणाली. "काऊन अडून बसले?"

गुणवंतराव लिंबू घेऊन आत धावले, दोऱ्यात पाय अडकला आणि खिळ्यासकट माझ्या अंगावर कोसळले! लाजेनं डोळे मिटून मी पायथागोरसवरून लिंबू उतरवलं आणि रस्त्यात फेकलं.

मुखरू खुशीत आत आला. गुणवंतरावांच्या पायानं ओढला गेलेला खिळा जिथं पडला होता तिथंच ठोकून त्यानं टेप लावला.

"पाच फूट! बरोब्बर!"

"अरे, गुणवंतरावांच्या पायानं खिळा सरकला!" मी ओरडलो. ऐकतो कोण! गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

"बाई," मुखरू हर्षाला म्हणाला, "आनखी तीन लिंबं पाह्यजेत. तीन कोपरे बाकी आहेत!"

हर्षानं माझ्याकडे पाहिलं. मी रिनाकडे पाहिलं. मग हर्षाच्या कानाशी लागून हळूच म्हणालो, "चार आन. एखादं सडकं निघालं तर?"