परागच्या डिक्कीतला भाडेकरू

देव्हाऱ्यातल्या निरांजनाची शपथ, अन्नपूर्णेची शपथ, झाशीच्या किल्ल्याच्या एकेका दगडाची शपथ! आता सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी जन्मभर कपातच राहू दे!

तर आमच्या रेल्वे कॉलनीतला पराग. वय सव्वीस, नोकरी पार्सल ऑफिसात आणि दारात एक जुनी लाल गाडी. घरात वडील विद्याधर, मालगाडीचा रिटायर गार्ड. आई क्षमा. आणि एक म्हातारी. म्हातारीचा ह्या गोष्टीशी काडीचा संबंध नाही, तेव्हा तिला तिथेच खुर्चीत बसू दे.

झाशीत आपली मराठी घरं ती किती! दोन पंगतीत सगळी आटपतात. पण मंडळाचा गणपती खंडेराव गेटापासून निघतो तो थाटात! पुढे दरवर्षी ग्वाल्हेरचं ढोलपथक. यंदा त्यांनी कळवलं, जमणार नाही. मंडळाचे अध्यक्ष अनंतराव मीटिंगमध्ये उसासा टाकून म्हणाले, "मग काय, डीजे लावू."

म्हणजे वर बाप्पा आणि खाली सिनेमाची गाणी! बायका हळहळल्या. तेवढ्यात पराग छाती काढून उभा राहिला.

"काका, डीजे कशाला? मी माझ्या गाडीत सबवूफर बसवतो! आपली आरती, आपला ठेका! असा वाजवीन की तिकडे सीपरी बाजारातली शटरं आपोआप वर जातील!"

"तूच ना रे तो," अनंतराव म्हणाले, "ज्याचा स्पीकर गेल्या वर्षी दुसऱ्या कडव्याला मेला? भर आरतीत इंग्रजीतून 'बॅटरी लो' म्हणाला?"

सगळे फिसकन हसले. परागचे कान गाडीपेक्षा लाल झाले.

"यंदा नाही मरणार, काका!"

"बघ हं. यंदा फजिती झाली तर पुढच्या वर्षीपासून डीजेच. कायमचा!"

झालं! दुसऱ्या दिवशी पराग वडिलांना घेऊन सीपरी बाजारात कुशवाहाच्या दुकानात हजर. आता सबवूफर म्हणजे काय, तर नुसता धमधम करणारा मोठा स्पीकर. शब्द गाडीच्या दारांमधल्या छोट्या स्पीकरांतून येतात, हा फक्त ऐकणाऱ्याच्या पोटात ढोल वाजवतो. पण तो उघडा वाजत नाही, त्याला लाकडी पेटी लागते. आणि पेटी कोणती घ्यायची, तिथेच घरं फुटतात!

कुशवाहाने पान गालात सरकवलं आणि विचारलं, "काए भैया, खुद सुनने है, कै मोहल्ले खों सुनाने है?"

"मतलब?"

"खुद सुनने है तो जे बंद डब्बा. छोटा, पक्का, एक-एक थाप गिन लो. मोहल्ले खों सुनाने है तो जे छेद वाला. बड़ा है, पर अंदर की हवा भी छेद से गाती है!"

"और वो तीसरा?"

"उसमें वूफर अंदर छिपा रहता है, जैसे तहखाने में पहलवान. गरजता बहुत है, पर एक ही सुर में. आरती में नहीं जमेगा."

विद्याधर एकदम कडाडला, "बंद! पस्तीस वर्षं मी सील तुटलेला डबा पुढे जाऊ दिला नाही! भोक पडलेला डबा माझ्या घरच्या गाडीला लागणार नाही!"

"बाबा, ही मालगाडी नाहीये."

"डबा तो डबा! भोक आहे म्हणजे कोणीतरी काहीतरी आत घालणार!"

तेवढ्यात क्षमाचा फोन. "पराग, पेटी कसलीही घे, पण डिक्कीत गव्हाचा डबा मावला पाहिजे! चक्कीवर काय डोक्यावर नेऊ?"

परागने कोणाचंच ऐकलं नाही. मोहल्ल्याला ऐकवायचं होतं ना! छेदवाली घेतली. चांगली ट्रंकेएवढी पेटी, तिला आमटीच्या वाटीएवढं गोल भोक, आणि आतून कापसाची जाड गादी चिकटवलेली, आवाज गुबगुबीत व्हावा म्हणून. गव्हाचा डबा डिक्कीतून मागच्या सीटवर गेला आणि क्षमा दोन दिवस बोलली नाही.

पण आवाज! अहाहा! कॉलनीत पहिल्यांदा वाजवला तेव्हा अकरा स्कूटरांचे हॉर्न आपोआप ओरडले, त्रिपाठीजींच्या कुकरने भाजी न घालताच शिट्टी दिली आणि स्टेशनावर उभी मालगाडी सिग्नल मिळाला समजून दोन हात पुढे सरकली! पराग रात्रभर गालात हसत झोपला.

मग घरोघरी बाप्पा बसले. क्षमाने नैवेद्याला बेसनाचे एक्केचाळीस लाडू वळले. तिसऱ्या दिवशी मोजले तर तेहेतीस!

लाडू गेले कुठे? ऐका. विद्याधरची साखर वाढलेली, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. घरात लपवावं तर क्षमाच्या नाकाला वास लागतो. म्हणून त्याने लाडू कागदात गुंडाळले आणि हळूच नेऊन ठेवले त्या पेटीच्या भोकात! आता तुम्ही म्हणाल, सीलवाला गार्ड आणि हे काम? अहो, साखर बंद झालेल्या माणसाला कसली सीलं!

लाडवाच्या मागे वास आणि वासाच्या मागे उंदीर. आत शिरून बघतो तर काय, मऊ गादी, पोटभर तूप-बेसन आणि भाडं शून्य! झाशीत एवढी सोयीची खोली कोणाला मिळते?

पाचव्या दिवशी परागला ठेक्यातून कुरूम कुरूम ऐकू यायला लागलं. धावला कुशवाहाकडे. कुशवाहाने भोकात मोबाइलचा टॉर्च मारला. आतून दोन डोळे चमकले.

"भैया," कुशवाहा गंभीरपणे म्हणाला, "आपके बेस में किराएदार है."

"निकालो!"

"अभी लो. पेंच खोले, डंडा डाला, काम तमाम..."

पराग घाबरला. त्याने घरी फोन लावला. क्षमा अशी किंचाळली की कुशवाहाचं पान गिळलं गेलं.

"खबरदार! घरात बाप्पा बसलेत आणि तू त्यांच्या वाहनाला काठी घालणार? विसर्जन होईपर्यंत त्याला धक्का लागता कामा नये!"

"आई, तो वायर खाईल ना! मिरवणूक..."

"तुला कोणी सांगितलं होतं भोकाची पेटी घ्यायला!"

मागून विद्याधर ओरडला, "म्हणून म्हणत होतो, सील!"

ह्यापुढचे दिवस पराग उंदराचा ड्रायव्हर झाला. रोज सकाळी त्याला घेऊन ऑफिसात जायचा, संध्याकाळी घेऊन यायचा. खड्डा आला तर हळू चालवायचा. डिक्कीबाहेर लाडू ठेवून पाहिला, उंदीर लाडू घेऊन परत आत गेला! हात जोडून मराठीत विनवलं. मग उंदीर झाशीचाच आहे हे लक्षात येऊन हिंदीत विनवलं. "भैया, मेरी इज़्ज़त का सवाल है!" आतून उत्तर, कुरूम कुरूम.

विसर्जनाचा दिवस उजाडला. खंडेराव गेटाशी सगळी मंडळी जमली. फुलांनी सजलेल्या टेम्पोत बाप्पा, त्यांच्यापुढे परागची गाडी, डिक्की उघडी. डिक्कीच्या बरोब्बर मागे अनंतराव, डोक्यावर गुलाबी फेटा.

"हं, परागशेठ! वाजवा! का इंग्रजीतून काही सांगायचंय?"

परागने डिक्कीकडे पाहून नमस्कार केला, तो बाप्पाला की भाडेकरूला, त्याचं त्यालाच ठाऊक. आणि बटण दाबलं.

धुम्म!

पहिली थाप अशी पडली की पेटीतली सगळी हवा भोकातून सुटली. आधी कापूस उडाला. मग लाडवाचा भुगा. आणि मग तोफेतून गोळा सुटावा तसा उंदीर! हवेत दोन कोलांट्या मारल्या आणि थेट अनंतरावांच्या फेट्यावर!

दुसरी थाप पडलीच नाही. वायर कुरतडून कुरतडून सुतळीएवढी राहिली होती, ती तुटली. दारातले स्पीकरही खरखर करून गप्प झाले.

पराग डोळे मिटून उभा. संपलं! आता आयुष्यभर डीजे!

अनंतराव खांबासारखे ताठ. ओठ न हलवता पुटपुटले, "काय आहे रे डोक्यावर?"

"काका... वाहन."

"काढ!"

"आज कसं काढू, काका? बाप्पा बघतायत!"

उंदराने मागच्या पायांवर बसून मिशा पुसल्या. तेवढ्यात सिंधूमावशी हात जोडून ओरडल्या, "अग बाई! साक्षात आला ग! गणपती बाप्पा..."

"मोरया!" सगळं खंडेराव गेट दणाणलं.

आणि मग काय झालं म्हणता! स्पीकर नाही, ढोल नाही, तर लोकांनी टाळ्यांचाच ठेका धरला. आरती गळ्यातून निघाली. जी पोरं घरी "मम्मी, मराठी समझ में आती है, बोलनी नहीं आती" म्हणतात ना, त्यांनासुद्धा सगळी कडवी पाठ निघाली! पानवाले, ऑटोवाले मागून "मोरया" ओढत चालू लागले. अनंतराव पाण्याने भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखे थेट तळ्यापर्यंत मान न हलवता चालले. तिथे उंदीर खाली उतरला, खिरापतीतला खोबऱ्याचा तुकडा उचलला आणि गवतात निघून गेला.

अनंतरावांनी कितीतरी वेळाने मान फिरवली. परागला वाटलं, आता तोंडात बसणार.

"पराग," ते घसा खाकरून म्हणाले, "इतकी वर्षं मिरवणुकीत लोक बाप्पाच्या पाया पडायचे. आज निम्मे माझ्या पडले! डीजे रद्द. पुढच्या वर्षीही तुझीच गाडी. आणि पेटी तीच हं, भोकाची!"

अशी ही गोष्ट. सगळी खरी. निरांजनाची शपथ आहे ना!

म्हणजे... कवळीचा प्रश्न आहे, शिवाय चकलीचे दिवस जवळ आलेत, म्हणून सांगून टाकते. एवढीशी गोष्ट मी पदरची घातली. ते लाडू विद्याधरने लपवले नव्हते. त्याची साखर अगदी उत्तम आहे आणि गोड त्याला लहानपणापासून आवडत नाही. मी आई त्याची, मला नाही माहीत?

गोड मला आवडतं.